पुलाजवळची जागा

"डावीकडे बघा, डावीकडे!" गाइड व्हिग्गो माइकमध्ये ओरडला आणि सदतीस प्रवाशांच्या माना एकदम डावीकडे वळल्या. डावीकडे तळं होतं. त्यात डोंगर उलटा पडला होता, माथ्यावरच्या बर्फासकट. गुन्वोरने काही मान वळवली नाही. सव्वीस वर्षं ती ह्या रस्त्यावर बस हाकत होती आणि सव्वीस वर्षं तळं तिथंच होतं, ते काही पळून जात नव्हतं. पळत होती ती वेळ. खाली फ्योर्डाच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, धक्क्यावरून तीन वीसची फेरीबोट सुटायची, आणि ह्या मंडळींचे अजून दोन ठिकाणी उतरून फोटो काढायचे बाकी होते.

"आणि हे पाणी इतकं हिरवं का, सांगा बरं?" व्हिग्गो विचारत होता.

हिमनदी वर बसून डोंगराचं पीठ दळते म्हणून, असं गुन्वोर मनातल्या मनात म्हणाली आणि व्हिग्गोही तेच म्हणाला. मागे हशा पिकला. व्हिग्गो मूळचा डेन्मार्कचा. त्याच्या देशात डोंगर म्हणून जे दाखवतात त्यावर चढायला आमच्याकडची मेंढीसुद्धा लाजेल, म्हणूनच की काय, त्याला डोंगरांचं हे एवढं कौतुक. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं, आणि आज गुन्वोरला कोणाचंच बोलणं नको होतं.

ती दमली होती. हे काही आजचं दमणं नव्हतं, रात्री पडून सकाळी उतरणारं. बासष्ट वर्षांची बाई, उजवा गुडघा ब्रेक दाबून दाबून कामातून गेलेला, शहरात दोन खोल्यांचं घर, तिथे वाट बघायला मांजरसुद्धा नाही. पण त्याचंही तिला फारसं काही वाटत नसे. दमायला झालं होतं ते वाट बघून बघून.

कारण आज सप्टेंबरचा दुसरा शनिवार होता. येल्लाच्या मेंढ्या डोंगरावरून उतरवायचा दिवस.

येल्ला म्हणजे डोंगरातली शेतीवाडी, तिचं माहेर म्हणा, घर म्हणा. घाट उतरताना फ्योर्ड पहिल्यांदा दिसतो त्या वळणावर, रस्त्याच्या उजव्या अंगाला. आता तिथं तिचा धाकटा भाऊ हल्वार राहतो, आणि त्याची बायको सिग्नी. उन्हाळाभर मेंढ्या वर डोंगरात मोकळ्या असतात. सप्टेंबरात त्या उतरवायच्या म्हणजे एका घराचं काम नव्हे. भाऊ, बहिणी, आते-मामे, शेजारी, सगळे येतात आणि ज्याने त्याने आपापल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. ह्या दिवसाचं आवतण कोणी कोणाला देत नाही. तारीख सगळ्यांना ठाऊक असते, जो घरचा तो येतो. आमच्याकडे असंच आहे, आणि हे असं का, हे विचारायची पद्धतही नाही.

गुन्वोर नऊ वर्षांची असल्यापासून पुलाजवळ उभी राहायची. वरून येणारी दगडी भिंत तिथं दहा-बारा हात तुटलेली. फाटक लावलं की वसंतात बर्फ कोसळून ते मोडून नेणार, म्हणून बाबांनी तिथं माणूसच उभा करायचं ठरवलं होतं. तो माणूस म्हणजे गुन्वोर. एक्केचाळीस वर्षं ती तिथं उभी राहिली. लग्न झालं तेव्हाही, आणि ते मोडलं त्या वर्षीही.

मग बाबा गेले. त्या वर्षी नेमकी दुसऱ्या शनिवारी तिची बसची पाळी आली, बदली मिळेना. ती रविवारी पोचली. मेंढ्या उतरल्या होत्या, काम संपलं होतं. सिग्नीने तिला बैठकीच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि निळ्या काठाच्या कपातून कॉफी दिली. ते कप काचेच्या कपाटात असतात. पाद्रीबुवा आले, बँकेचा साहेब आला, तरच निघतात. त्या घरात जन्मलेल्या बाईला त्या कपातून कॉफी! हल्वार दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, हवापाण्याचं बोलला आणि गेला. गुन्वोरच्या काळजात जे चर्र झालं ते तिने कोणालाही सांगितलं नाही. ती घरी आली आणि तिने ठरवलं, पाहुणीच केलंय ना मला? मग पाहुणीसारखं बोलवा. बोलवाल तेव्हा येईन.

पुढच्या सप्टेंबरात तिने दुसऱ्या शनिवारची रजा घेतली, जाड बूट काढून दाराशी ठेवले आणि फोन समोर घेऊन बसली. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही रजा, बूट, फोन. असं दहा वर्षं चाललं. बाकी उन्हाळाभर आठवड्यातून तीनदा ती येल्लावरून बस न्यायची, आणि त्या एका वळणावर मात्र, व्हिग्गो "डावीकडे बघा" म्हणाला की तीही डावीकडे बघायची. उजवीकडे घर होतं म्हणून.

ह्या वर्षी तिने रजा घेतली नाही. दाराशी बूट ठेवले नाहीत. पुरे झालं, म्हणाली.

घाटमाथ्यावर बोचरा वारा होता. प्रवासी उतरले, फोटो काढले, दोघी जर्मन बाया बर्फाला हात लावून लहान मुलींसारख्या किंचाळल्या. गुन्वोर बसच्या पायरीवर बसून गुडघा चोळत राहिली.

"हंगामाची शेवटची फेरी," व्हिग्गो तिच्याजवळ येऊन म्हणाला. "तोंड असं काय केलंयस? एरंडेल प्यायलीस की काय?"

"ही बस दुखवते मला."

"बस की माणसं?"

"दोन पस्तीस झाले," गुन्वोर म्हणाली. "तुझी मेंढरं आत घाल."

घाटाला अकरा वळणं. एकेक वळण घेताना बसचं ढुंगण दरीवर लोंबायचं आणि मागून "आई गं" ऐकू यायचं. सातव्या वळणावर धबधब्याचे तुषार काचेवर आले. नवव्या वळणाखाली फ्योर्ड दिसला. दोन काळ्या कड्यांच्या मधोमध समुद्राचं शांत पाणी, आणि त्यावर पांढरी फेरीबोट, अजून पलीकडच्या काठाजवळ. तीनला पाच कमी. बस वेळेत होती. सव्वीस वर्षांत गुन्वोरची बोट एकदाही चुकली नव्हती आणि आजही ती चुकवणार नव्हती.

"डावीकडे बघा!" व्हिग्गो ओरडला, आणि गुन्वोरने डावीकडे बघितलं.

म्हणूनच तिला मेंढ्या उशिरा दिसल्या. करकचून ब्रेक लावला, गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. सगळा रस्ता मेंढ्यांनी भरला होता. पन्नास-साठ तरी असतील, कानात पिवळे बिल्ले. येल्लाचेच बिल्ले.

"वा! काय सुंदर!" मागे कॅमेरे निघाले. व्हिग्गोने हॉर्नकडे हात नेला, तशी गुन्वोरने त्याच्या हातावर फटका मारला.

"वेडा आहेस का? बिथरल्या तर डावीकडे जातील. डावीकडे कडा आहे."

आता तिला उजवीकडे बघावंच लागलं. घर तसंच होतं. छपरावर गवत, अंगणात ट्रॅक्टर. वरून दगडी भिंत येत होती, आणि पुलाजवळ ती तुटली होती तिथं कोणीही नव्हतं. एक निळी दोरी बांधली होती, तीही आता जमिनीवर लोळत पडली होती. दोरीला मेंढी भीक घालते होय! आणि वर, भूर्जाच्या झाडांतून, दुसरा कळप उतरताना दिसत होता. हा मोठा, दोनशेच्या आत नसेल. त्याच्या मागे कुत्रा, आणि कुत्र्याच्या मागे लंगडत येणारा एक माणूस. बाकीची मंडळी अजून वर, आपापल्या जागी असणार. हल्वार कधी लंगडायला लागला, ते तिला माहीत नव्हतं.

रस्त्यावर एक बाई हातवारे करत मेंढ्यांना अंगणाकडे वळवत होती. लाल तोंड, केस सुटलेले. सिग्नी. बसकडे येत ती ओरडली, "माफ करा हं, पाच मिनिटं—" आणि खिडकीत गुन्वोरला बघून जागच्या जागी थांबली.

गुन्वोरने काच खाली केली. तिच्या तोंडून जे निघालं ते रागाचंच होतं.

"पुलाजवळ माणूस का नाही ठेवला?"

"मला विचारतेस?" सिग्नी भडकली. "त्याला विचार, त्या दगडाला! दरवर्षी हेच. दरवर्षी मेंढ्या इथूनच फुटतात, मागच्या वर्षी चार कड्यावरून गेल्या. दरवर्षी मी बोंबलते, अरे बाबा, कोणीतरी उभं कर तिथं, शेजारचा येईल, माझा भाऊ येईल. तर म्हणतो, ती जागा गुन्वोरची आहे."

चाकाशी आलेल्या एका मेंढीला तिने ढकलून बाजूला केलं.

"अकरा वर्षं," सिग्नी म्हणाली. "अकरा वर्षं ती जागा तशीच ठेवलीय. तू येशील म्हणून. आणि तू बसमधून जातेस, तिकडं तोंड फिरवून! आम्हाला दिसत नाही की काय?"

गुन्वोरने घड्याळ बघितलं. तीनला एक मिनिट. रस्त्यावरच्या मेंढ्या कडेला सरकत होत्या. हळूहळू बस काढली तर पंधरा मिनिटांत धक्का, बोट मिळत होती. हॉटेलात सदतीस माणसांचं जेवण सांगितलेलं. आणि वरचा कळप शेवटच्या उतारावर आला होता. पुढची म्हातारी मेंढी भिंतीच्या कडेकडेने सरळ त्या भगदाडाकडे निघाली होती.

तिने इंजिन बंद केलं.

"ए, गुन्वोर," व्हिग्गो म्हणाला, "बोट?"

"जाऊ दे बोट. पुढची पाच वीसची आहे."

"अगं पण हॉटेल! जेवण!"

"फोन कर. एवढं बोलतोस दिवसभर, आता जरा कामाचं बोल." असं म्हणून ती उतरली. एरवी ती पायरी उतरताना दांडी धरायची, आता तिच्या ते लक्षातही आलं नाही.

ड्रायव्हरच्या गुळगुळीत बुटांनी ती ओल्या गवतावरून धावत गेली, दोनदा घसरली, आणि भगदाडात जाऊन हात पसरून उभी राहिली. ओरडायचं नाही. काठी नाचवायची नाही. मेंढीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ती जिथं जायला हवी तिकडं बघायचं, असं बाबा सांगायचे. गुन्वोरने अंगणाकडे बघितलं. म्हातारी मेंढी चार हातांवर येऊन थबकली, तिने पाय आपटला, आणि मागचे दोनशे जीव तिच्यावर रेटा देत उभे राहिले. आता ही आली अंगावर तर मी उताणी पडते, आणि सगळ्या जातात कड्याकडे, असं तिला वाटलं. मग म्हातारीने मान फिरवली आणि ती अंगणाकडे वळली. तिच्यामागे दुसरी, मग दहा, मग सगळा लोंढा गुन्वोरच्या मांड्यांना घासत, लोकरीचा तो ओला वास मागे ठेवत खाली गेला. रस्त्यावर एका जाड्या जर्मन बाईने छत्री उघडून कड्याची बाजू अडवून धरली होती आणि ती भयंकर खूश दिसत होती.

सगळ्यात शेवटी हल्वार आला. तिच्यासमोर थांबला. केस पांढरे झाले होते, हनुवटी बाबांसारखी दिसायला लागली होती. तो तिच्याकडे बघेना, ती जिथं उभी होती त्या जमिनीकडे बघत राहिला.

"तू जरा डावीकडे उभी राहायचीस," तो म्हणाला.

"गुडघा दुखतो. तिथं उतार आहे."

"हं."

बस्स. एवढंच. आमच्या खोऱ्यातल्या पुरुषाने ह्यापुढं काही बोलायचं म्हणजे घरात कोणीतरी मरायला हवं, आणि तेव्हाही तो हवापाण्याचं बोलतो. पण गुन्वोरला आता राहवेना.

"मला बोलावलं का नाहीस?"

हल्वारने मान वर केली. त्याला खरोखरच कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बोलावतात पाहुण्यांना," तो म्हणाला.

"अरे मूर्खा!" गुन्वोर ओरडली, इतक्या मोठ्याने की कुत्रा दचकला. "दहा वर्षं मी रजा घेतली! दहा वर्षं दाराशी बूट ठेवून फोनसमोर बसले मी! एक फोन केला असतास तर तुझं काय जाणार होतं?"

"मला वाटलं, तुला नकोय." हल्वार म्हणाला. "तू तिकडं बघत जायचीस. डावीकडे. मी दर वेळी अंगणात यायचो, बसचा आवाज आला की."

गुन्वोरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. हल्वारने टोपी काढली, पुन्हा घातली. मग खाली पडलेली निळी दोरी उचलली, गुंडाळत बसला, बराच वेळ, जणू ती जगातली सगळ्यात लांब दोरी होती. खालून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला. तीन वीस.

"गेली," हल्वार म्हणाला.

"गेली तर गेली."

आपल्या मेंढ्यांपायी सदतीस माणसांची बोट चुकली म्हटल्यावर सिग्नीला ओशाळल्यासारखं झालं. तिने सगळ्यांना घरात बोलावलं. व्हिग्गो आघाडीवर होता, "डोकं सांभाळा, दार बुटकं आहे!" असं प्रत्येकाला सांगत. कोणी अंगणात दगडांवर बसलं, कोणी मेंढ्यांच्या आवाराशी, म्हातारी मंडळी बैठकीच्या खोलीत. गुन्वोरही त्यांच्यामागून आत गेली. गुडघा आता ठणकत होता, पाय उचलवत नव्हता. कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ती टेकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ही तीच खुर्ची. समोर तेच काचेचं कपाट.

सिग्नी आली. तिने कपाट उघडलं आणि निळ्या काठाचे बाराच्या बारा कप बाहेर काढले. गुन्वोर बघत राहिली. भगदाडात उभं राहणं वेगळं, घरात शिरणं वेगळं. हल्वारचं बोलून झालं, पण घर सिग्नीचं होतं, आणि सिग्नीच्या मनात ती कोण होती हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. एक कप तिच्या हातात आला असता तर कॉफी पिऊन, आभार मानून, पाच वीसच्या बोटीने ती निघून गेली असती, आणि परत कधी आली नसती. आता पुन्हा वाट बघायचं बळ तिच्यात नव्हतं.

सिग्नी एकेकाच्या हातात कप देत आली. छत्रीवाल्या बाईला दिला. तिच्या नवऱ्याला दिला. गुन्वोरच्या खुर्चीपाशी आली, शेवटचा कप तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्याला दिला, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. गुन्वोर रिकाम्या हातांनी बसून राहिली.

मग आतून सिग्नीचा आवाज आला, भांड्यांच्या आदळआपटीवर चढलेला.

"गुन्ना! तिथं काय राणीसारखी बसलीस? चाळीस माणसांना वॅफल एकटी भाजू का मी? पीठ भिजवायला ये! आणि ते चिखलाचे बूट काढ आधी, सगळी जमीन घाण केलीस!"

पलीकडच्या म्हाताऱ्याने कपावरून वर बघितलं. बाई एकाच वेळी हसतायत आणि रडतायत, हे बघून तो घाबरला आणि त्याने आपला रुमाल पुढे केला.

"आले गं, आले," गुन्वोर म्हणाली, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.